टूथपेस्ट आणि कॅनरीचे दाणे

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या हॉस्पिटलमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी एक १२ वर्षांचा मुलगा दाखल होता. मधुमेहाने त्याची दृष्टी गेलेली. अंगात त्राण इतकं कमी की तो आपल्या खोलीतच असायचा. खायला मोजूनमापून, तेही नावापुरतं. तरीही लघवी तपासली की साखर सापडायचीच. डॉक्टर चक्रावले. ज्याला दिसत नाही, धड चालवत नाही, ज्याला कुणी बाहेरचं काही आणून देत नाही, त्याच्या पोटात साखर जाते तरी कुठून?

बरेच दिवस "मी काही खाल्लं नाही" असं अगदी पटेल अशा पद्धतीने सांगितल्यावर शेवटी पोराने कबूल केलं. तो टूथपेस्ट खात होता. आणि पक्ष्याचे दाणे. खोलीत एका पिंजऱ्यात कॅनरी होता. तो त्याने स्वतःच मागून घेतला होता. सगळ्यांना वाटलं, आंधळ्या पोराला तेवढीच सोबत.

तो मुलगा वाचला नाही. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी ही केस १९१९ साली आपल्या जाडजूड ग्रंथात नोंदवली. त्यांनी काढलेला धडा काय होता? तर मधुमेही रुग्णांच्या नोंदी विश्वासार्ह हव्या असतील तर फार काळजी घ्यावी लागते.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. सिस्टीम चालत नाही अशी तक्रार येते, आपण लॉग बघतो, आणि तिकीट बंद करतो: "युजर एरर". मधुमेह्यांच्या भुकेचं तिकीट असंच दोनशे वर्षं बंद होत आलंय. पुन्हा उघडायचं, पुन्हा बंद. आज "फूड अ‍ॅडिक्शन" म्हणजे खाण्याचं व्यसन असा शब्द आलाय, आणि मधुमेह असलेल्या लोकांच्या बाबतीत तो बराच वापरला जातो. त्या शब्दाचं काय करायचं हे ठरवण्याआधी तिकिटाची जुनी हिस्टरी वाचावी म्हणतो.

भूक हेच लक्षण

आधी एक साधी गोष्ट. मधुमेहाची जुनी तीन लक्षणं कुठल्याही पुस्तकात सापडतील: खूप तहान, खूप लघवी, खूप भूक. इन्शुलिन नसेल तर रक्तात साखर तुडुंब असते, पण स्नायूंना आणि चरबीला ती वापरता येत नाही. घरात धान्याची कोठारं भरलेली आणि चूल पेटत नाही अशातली गत. शरीर आपलं मांस आणि चरबी जाळत सुटतं आणि मेंदूला निरोप जातो की उपासमार चालू आहे, खा. माणूस खातो, वाळतो, आणखी खातो. आपल्याकडे खेड्यात अशा माणसाला "भस्म्या झालाय" म्हणायचे.

म्हणजे भूक हा या रोगाचाच एक भाग. आणि उपचार काय? तर खाऊ नका. या दोन वाक्यांमधल्या भांडणाचा इतिहास म्हणजे मधुमेहाच्या पथ्याचा इतिहास.

आपल्या सुश्रुताने मधुमेहाचं वर्णन केलंय, मुंग्या लागणाऱ्या लघवीची नोंद आपल्या प्राचीन वैद्यकात आहे. सुश्रुताचा गरीब, कुणी आप्त नसलेल्या रोग्याला दिलेला सल्ला वाचण्यासारखा आहे. चपला नाहीत, छत्री नाही, भिक्षा मागून खायचं, एका गावात एकच रात्र राहायचं, मुनीसारखं मनावर ताबा ठेवायचा आणि शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालायचं. आजच्या हिशोबात आठशे-हजार किलोमीटर तरी! स्थूल, बैठ्या माणसाच्या मधुमेहाला व्यायाम आणि कमी खाणं मानवतं हे त्या काळी ओळखलं होतं याचं कौतुक आहेच. पण "मुनीसारखं" हा शब्दही तेव्हाच औषधाच्या यादीत आला, हे लक्षात ठेवू.

कुजकं मांस, कुलुपं आणि पॅरिसचा वेढा

युरोपात या गोष्टीला आधुनिक वळण दिलं जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी सर्जनने. १७९६ मध्ये कॅप्टन मेरेडिथ हा त्याचा रुग्ण. एकेकाळी २३२ पौंड वजनाचा हा गडी १६२ पौंडांवर आला होता. वनस्पतीजन्य अन्नातून शरीरात साखर होते असं रोलोचं निदान, म्हणून त्याने जवळजवळ मांसाहारीच पथ्य लावलं. सकाळ-संध्याकाळ दूध आणि चुन्याची निवळी, थोडा ब्रेड-बटर. दुपारी रक्त आणि चरबीचं पुडिंग. जेवणात जुनं, खवट होत आलेलं चरबीदार मांस, पोटाला जेवढं सोसेल तेवढं. १७९७ मध्ये हे सगळं त्याने पुस्तकात छापलं.

गंमत अशी की रोलोचा सिद्धांत चुकीचा असला तरी भूक हा रोगाचाच भाग आहे हे त्याने धरलं होतं. त्याच्या मते जठर गरजेपेक्षा जास्त जोरात काम करतं, म्हणून भूक आणि म्हणून साखर. त्यामुळे त्याने भूक मारणारी औषधं दिली: अँटिमनी, अफू, डिजिटॅलिस. मळमळेल, अन्नावरची वासना उडेल अशी ही यादी. पद्धत भयंकर, पण निदान भुकेवर औषध द्यावं असं त्याला वाटलं. पुढच्यांनी ते काम रुग्णाच्या मनोनिग्रहावर सोपवलं.

१८७०-७१ च्या हिवाळ्यात प्रशियन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात रेशनिंग, लोक उंदीर-घोडे खातायत अशी वेळ. अपोलिनेर बूशार्दा नावाच्या डॉक्टरला दिसलं की त्याच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर गायब झाली. निरीक्षण अचूक होतं. बूशार्दाचा सल्ला मग असा झाला की शक्य तितकं कमी खा, आणि व्यायाम करा. साखर भरून काढायला भरपूर साखर खा असं सांगणारा पिओरीसारखा डॉक्टरही त्याच शहरात थोडा आधी होऊन गेला होता, त्या मानाने ही मोठीच प्रगती. पण वेढ्यातल्या पॅरिसमध्ये दुकानंच रिकामी होती. वेढा उठल्यावर काय? दुकानं भरली की वेढा रुग्णाभोवती घालावा लागणार.

आणि तो घातलाही गेला. नेपल्सच्या अर्नाल्दो कांतानीने रुग्णांना खोलीत कुलूपबंद ठेवून फक्त मांस आणि चरबी दिली. स्ट्रासबर्गचा बर्नहार्ड नाउनिन, त्या काळातलं फार मोठं नाव, गरज पडली तर पाच-पाच महिने रुग्णाला खोलीत बंद ठेवायचा, लघवी साखरमुक्त होईपर्यंत. डॉक्टर जेलर, रुग्ण कैदी आणि लघवीची बाटली साक्षीदार. रुग्ण काय म्हणतो याला किंमत नाही, बाटली काय म्हणते ते खरं.

उपाशी ठेवून जगवणं

आता पुन्हा अ‍ॅलनकडे येऊ. त्याला खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९१४ मध्ये तो रॉकफेलरमध्ये आला तेव्हा लहान मुलाला मधुमेह झाला तर आईवडिलांनी वर्ष-दोन वर्षं मोजायची, एवढंच हातात होतं. अ‍ॅलनने प्राण्यांवर शेकडो प्रयोग करून दाखवलं की फक्त पिष्टमय पदार्थच नाही तर एकूण अन्नच कमी केलं तर आयुष्य वाढतं. पद्धत अशी: लघवी साखरमुक्त होईपर्यंत कडकडीत उपास, सोबत काळी कॉफी, सूप आणि (हो, खरंच) थोडी व्हिस्की. मग हळूहळू भाज्या, त्याही तीन वेळा पाणी बदलून उकडलेल्या, म्हणजे त्यातला पिष्टांश निघून जावा. मग जेवढं पचेल तेवढंच. पुन्हा साखर दिसली की पुन्हा उपास.

या चक्राकडे नीट बघा. साखर दिसली याचा अर्थ एकतर रोग वाढला किंवा रुग्णाने चोरून खाल्लं. दोन्हीचं उत्तर एकच, अन्न आणखी कमी. त्या मुलाने दाणे खाल्ले म्हणून साखर आली, साखर आली की पथ्य आणखी कडक, आणि पथ्य कडक झालं की भूक आणखी. प्रोग्रॅमरच्या भाषेत हा इन्फिनिट लूप झाला, ज्यातून बाहेर पडायची अट कुणी लिहिलेलीच नाही.

तरीही अ‍ॅलनच्या पद्धतीने काही जण खरोखर तगले, आणि तगले म्हणूनच वाचले. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध एलिझाबेथ ह्यूज. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी. १९१९ मध्ये अकराव्या वर्षी मधुमेह झाला. अ‍ॅलनने तिला सुरुवातीला काही आठवडे दिवसाला ४०० ते ६०० कॅलरींवर ठेवलं, आठवड्यातून एक दिवस उपास. म्हणजे आपल्या हिशोबाने दिवसभरात फार तर दोन वडापाव. नंतर थोडं वाढवलं. सोबत चोवीस तास एक नर्स. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला बँटिंगकडे पोचली तेव्हा १५ वर्षांची होत होती, उंची पाच फूट आणि वजन ४५ पौंड. म्हणजे वीस किलो.

टोरांटोत त्याच वर्षी ११ जानेवारीला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ते फारसं चाललं नाही. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि तो चालला. एलिझाबेथला इन्शुलिन मिळाल्यावर तिने आईला लिहिलेली पत्रं जपून ठेवली गेली आहेत. त्यात ब्रेड, बटाटे, मॅकरोनी-चीज यांचा आनंद ओसंडून वाहतो. थोड्याच काळात ती दिवसाला दोन हजारांवर कॅलरी खाऊ लागली. पुढे ती शिकली, लग्न केलं, मुलं झाली आणि १९८१ पर्यंत जगली. आयुष्यभरात ४२ हजारांच्या आसपास इंजेक्शनं.

माझ्या मते या गोष्टीतला महत्त्वाचा मुद्दा वाचली हा नाही, म्हणजे तो आहेच, पण आणखी एक आहे. भुकेने व्याकूळ झालेली मुलगी आणि नंतर इतरांसारखं जेवून उठणारी मुलगी एकच होती. तिचं चारित्र्य ऑगस्टमध्ये सुधारलं नाही. तिला एक हॉर्मोन मिळालं.

रोग आवरला, भाषा राहिली

इथे गोष्ट संपायला हवी होती. इन्शुलिन आलं, उपासमार संपली, तिकीट बंद. पण तसं झालं नाही. औषध बदललं तरी भाषा जुनीच राहिली.

बॉस्टनचे एलियट जॉस्लिन हे विसाव्या शतकातले मधुमेहाचे सगळ्यात वजनदार डॉक्टर. हजारो रुग्णांना त्यांनी शिकवलं, स्वावलंबी केलं, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांची आवडती उपमा तीन घोड्यांच्या रथाची: आहार, व्यायाम, इन्शुलिन. रथ हाकणारा अर्थातच रुग्ण. हा रोग माणसाच्या चारित्र्याची परीक्षा बघतो, प्रामाणिकपणा, संयम आणि धैर्य लागतं, असं त्यांचं म्हणणं. बरीच वर्षं नीट काढणाऱ्यांना त्यांच्याकडून पदकं मिळायची. पदक मिळणाऱ्याला ते छानच वाटलं असणार. पण जिथे पदक आहे तिथे नापास होणंही आलं.

आणि नापास कोण हे सांगणारी साधनं सुधारत गेली. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून उकळायचं: निळं राहिलं तर शाबास, हिरवं-पिवळं झालं तर हं, विटकरी झालं तर काल काय खाल्लं ते सांग. आपल्याकडेही जुन्या मधुमेह्यांना ही परीक्षानळी आठवत असेल. मग ग्लुकोमीटर आले. १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन सापडलं, त्यातून पुढे एचबीएवनसी ही चाचणी आली. तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळून डॉक्टरांना चांगला आकडा दाखवायची सोय संपली, कारण ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा लॉग दाखवते. उपयुक्त? प्रश्नच नाही. पण घरोघरी तिचा वापर पुरावा म्हणूनही होतो. "बघा, पकडलं!"

सगळेच असे नव्हते. ब्रेसलाउचे बालरोगतज्ज्ञ कार्ल श्टोल्टे १९२९ पासून सांगत होते की मुलांना भुकेप्रमाणे जेवू द्या आणि इन्शुलिन त्यानुसार द्या. त्यांच्यावर सहकाऱ्यांनी भरपूर टीका केली. २००२ साली ब्रिटनमध्ये डॅफ्ने नावाच्या प्रशिक्षणाची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातलं तत्त्व काय, तर रोजचं साधं खाणं खा आणि डोस त्याप्रमाणे ठरवायला शिका. नियंत्रणही सुधारलं आणि माणसं खूशही झाली. श्टोल्टेंचा मुद्दा पटायला सत्तर वर्षं लागली!

छत्तीस धडधाकट माणसं

भूक आणि चारित्र्य यांचा संबंध किती, हे तपासायचं असेल तर चारित्र्यवान, निरोगी माणसांना उपाशी ठेवून बघायला हवं. हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवक घेतले. हे सगळे तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार दिलेले लोक. म्हणजे तत्त्वासाठी समाजाची बोलणी खाणारे, मनाने खंबीर. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतःला उपाशी ठेवून घेतलं. २४ आठवडे, दिवसाला साधारण १५७० कॅलरी.

काय झालं? ही माणसं दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताटातलं तासन्‌तास चिवडत बसू लागली. आणि काहींनी बाहेर जाऊन चोरून खाल्लं. शेवटी नियम करावा लागला की जोडीदाराशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. प्रयोग संपून पोटभर खायला मिळाल्यावरही अनेकांची खा खा थांबेना, पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान नाही. या माणसांना मधुमेह नव्हता. पूर्वी खाण्याची कसली समस्याही नव्हती.

एलिझाबेथला सुरुवातीला मिळत होतं त्याच्या अडीच-तीनपट अन्न या धडधाकट पुरुषांना मिळत होतं. आता त्या कॅनरीवाल्या मुलाला चोर म्हणायची कुणाची छाती आहे?

व्यसन म्हणावं का?

आता आपल्या काळातला मधुमेह वेगळा आहे हे मान्य. बहुतेकांना टाइप टू असतो, शरीरात इन्शुलिन असतं पण ते नीट लागू पडत नाही. कुणी त्यांना ४०० कॅलरींवर ठेवत नाही. त्यांच्याभोवती वेढा उलट्या प्रकारचा आहे. चोवीस तास डिलिव्हरी, ऑफिसच्या पॅन्ट्रीत बिस्किटं, कुणाचा वाढदिवस असेल तर केक, प्रोजेक्ट लाइव्ह गेलं तर पिझ्झा. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियित अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. समोर ठेवलेल्या ताटांमध्ये साखर, चरबी, मीठ, चोथा जुळवलेला होता. तरी पहिल्या प्रकारात लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खायचे.

"फूड अ‍ॅडिक्शन" हा शब्द वैद्यकीय लेखात थेरॉन रँडॉल्फ या अमेरिकन डॉक्टरने १९५६ मध्ये वापरला. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला दारूमुक्तीच्या धर्तीवर अतिखाणाऱ्यांचा मदतगट सुरू झाला. २००९ मध्ये येल विद्यापीठातून २५ प्रश्नांची मोजपट्टी आली: ठरवल्यापेक्षा जास्त खाता का, कमी करायचे प्रयत्न फसतात का, त्रास होतोय हे कळूनही चालू ठेवता का, वगैरे. टाइप टू असलेल्या लोकांमध्ये या मोजपट्टीवर गुण जास्त मिळतात असं वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसलंय. दुसरीकडे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानसूचीत "बिंज ईटिंग", म्हणजे ताबा सुटून भराभर खात सुटण्याचा विकार, अधिकृतपणे आहे, पण खाण्याचं व्यसन नाही. वाद चालू आहे.

मला या प्रश्नावलीत एक गोम दिसते. कमी खायचे प्रयत्न फसणं, धोका माहीत असून खाणं. ज्याला डॉक्टरांनी आयुष्यभर कमी खायला सांगितलंय आणि प्रत्येक गोड घासाचा धोका समजावलाय, त्याचे या प्रश्नांवर गुण चढणारच. साधा माणूस जिलेबी खातो तेव्हा तो जिलेबी खातो. मधुमेही तीच जिलेबी खातो तेव्हा तो "माहीत असूनही" खातो. त्यामुळे व्यसन किती आणि पथ्यानेच तयार केलेली वखवख किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. त्यात रक्तातली साखर एकदम उतरली की अचानक खा खा सुटते आणि तेव्हा गोड खाणं हेच औषध असतं! दारू सोडणाऱ्याला कुणी रोज तीन वेळा मोजून दारू प्यायला लावत नाही. मधुमेह्याला मात्र त्याच ताटासमोर रोज बसायचं असतं.

तरी त्या शब्दाचा एक फायदा आहे. ज्यांना खरोखर ताबा सुटल्याचा अनुभव येतो, मध्यरात्री उठून डबे उघडावे लागतात, नंतर स्वतःची किळस येते, त्यांना तो शब्द सांगतो की हे तुमच्या एकट्याचं नाही आणि याला उपचार आहेत. तोटा असा की मराठीत "व्यसनी" ही शिवी आहे. हावरट काढून व्यसनी लिहिलं, तर तिकिटावरचा शेरा फक्त बदलला.

रॉकफेलरमधली दुसरी गोष्ट

इतिहासात कधीकधी योगायोग जमून येतात. १९९४ मध्ये लेप्टिन हे हॉर्मोन सापडलं. शरीरातली चरबी या हॉर्मोनद्वारे मेंदूला कळवते की साठा किती आहे. लेप्टिन कमी झालं की भूक भडकते. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की इन्शुलिनविना मधुमेहात लेप्टिन कोसळतं, आणि ते परत दिलं तर अनावर खाणं कमी होतं. हे हॉर्मोन जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि ती प्रयोगशाळा आहे रॉकफेलरमध्येच (तोवर तिची युनिव्हर्सिटी झाली होती). जिथे त्या मुलाच्या भुकेची नोंद अविश्वासार्ह रुग्ण म्हणून झाली, तिथेच ऐंशी वर्षांनी भुकेचा निरोप्या सापडला.

दुसरा धागा औषधांचा. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेतल्या पदार्थावरून तयार झालेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये आणि त्याच जातीचं सेमाग्लुटाइड २०१७ मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मंजूर झालं. ही औषधं घेणारे बरेच लोक एक गोष्ट सांगतात: डोक्यात सतत चालणारा खाण्याचा कलकलाट थांबला. काही जणांना तर असा कलकलाट होता हेच तो थांबल्यावर कळलं. ही औषधं म्हणजे जादू नाही. महाग आहेत, सगळ्यांना सोसत नाहीत, आणि बंद केली की भूक आणि वजन बहुतेकांचं परत येतं. पण परत येतं हेच बघा. इंजेक्शन थांबवल्यावर माणसाचा संयम संपतो आणि सुरू केल्यावर उगवतो, असं तर नसेल ना? रोलोने अफू-अँटिमनीने जे करू पाहिलं ते सव्वादोनशे वर्षांनी जरा माणुसकीने जमू लागलंय, एवढंच.

याचा अर्थ पथ्य नको असा कृपया काढू नका. साखर वाढली की डोळे, किडनी, पाय जातात, त्याला सहानुभूतीने काही फरक पडत नाही. बूशार्दाचं निरीक्षण आजही खरं आहे. प्रश्न पथ्य कुणाच्या जोरावर पाळायचं हा आहे. फक्त मनोनिग्रहाच्या जोरावर पाळायला सांगून दोनशे वर्षं बघितलं. त्यातून चोरून खाणारे, खोटं बोलणारे आणि स्वतःला दोष देणारे रुग्ण तयार झाले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणाच्या अंदाजाप्रमाणे भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी आहे. त्या घरांतली दृश्यं आपल्याला पाठ आहेत. लाडवांचा डबा वरच्या फळीवर. "बाबा, तुम्हाला नाही" म्हणून ताटातून उचललेली बर्फी. लग्नात एक काकू म्हणणार "एका मोदकाने काय होतंय" आणि दुसऱ्या काकू डोळे वटारणार. आणि बाबा मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन दोन साखरेचे चहा पिऊन येणार, आणि घरी आल्यावर "नाही गं, फिरायला गेलो होतो".

आपल्यातले बरेच जण आता या घरांतले डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट घेणारे, रिपोर्ट डाउनलोड करणारे, व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे विचारणारे झालो आहोत. जेलरची नोकरी आपसूकच आपल्याकडे आलीये. पुढच्या वेळी एचबीएवनसी वाढलेलं दिसलं तर "काय खाल्लंत?" ऐवजी "भूक फार लागते का? कधी लागते? रात्री उठून खावंसं वाटतं का?" एवढं विचारून बघा. उत्तर मिळालं तर ते आकड्यांसोबत डॉक्टरांनाही सांगा, कारण त्यावर डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशक मदत करू शकतात. "जिभेवर ताबा नाही" या वाक्यावर मात्र कुठल्याच डॉक्टरला काही लिहून देता येत नाही.